कुंपणाकडची कडू कण्हेर

मित्रांनो, मी पेणच्या रामवाडीतली एक जुनी कण्हेर आहे. गुलाबी फुलांची, बारमाही हिरवी आणि मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. हे आधीच सांगून टाकते. मला त्याची लाज वाटत नाही.

माझं मूळ रोह्याचं. वत्सलाबाई तिथल्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे, अनयकडे, राहायला आल्या. येताना परसातल्या कण्हेरीची बोटभर जाडीची फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. ती मी. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू नये म्हणून त्यांनी मला कुंपणाजवळच्या उंचवट्यावर लावलं, भर उन्हात. पहिलं वर्षभर पाणी घातलं. पुढे मी कधी मागितलं नाही. एप्रिलात नळाला दिवसाआड पाणी यायचं, अनयचं लाडकं लॉन पिवळं पडायचं आणि मी फुलांनी लगडून जायचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची.

एका फाल्गुनात अनयने माझी छाटणी केली आणि फांद्या कुंपणाबाहेर टाकल्या. मागच्या वस्तीतल्या गिरजाबाईंची गाभण शेळी रोज तिथे चरायची. माझ्या हिरव्या पानांना ती कधी तोंड लावत नसे. त्या दिवशी मात्र तिने कोमेजून कडवटपणा उतरलेली पानं खाल्ली. संध्याकाळपर्यंत ती गेली.

गिरजाबाई कोयता घेऊनच फाटकात आल्या. रडून डोळे लाल झाले होते.

"बाई, ह्ये झाड ठेवायचं नाय! आज माझी शेळी गेली, उद्या कुणाचं पोर जाईल."

"काढूनच टाकू," अनय म्हणाला.

वत्सलाबाई पुढे झाल्या. "गिरजाबाई, चूक आमची आहे. फांद्या आम्ही बाहेर टाकल्या. झाड काही चालत गेलं नाही तुमच्या शेळीकडे."

"मग माझी शेळी परत येनार हाय का?"

 वत्सलाबाई बाजूला सरल्या. गिरजाबाईंनी मला जमिनीलगत तोडलं.

मित्रांनो, त्या शेळीचं मला वाईट वाटतं. अगदी खरं सांगते. पण मला पळता येत नाही. मला शिंगं नाहीत, काटे नाहीत. हा कडू चीक तेवढा माझा राखणदार. तो मी का सोडू?

मुळं खोल होती. वैशाखात, थेंबभर पाणी नसताना, माझ्या बुंध्यातून लालसर कोंब फुटले. ते बघून अनय कुदळ घेऊन आला. गिरजाबाई नेमक्या रस्त्याने चालल्या होत्या.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "राग माझा होता, तो मी काढला. पान्याबिगर उठली हाय ती. आता तू कशाला मारतोस? फांद्या उघड्यावर टाकू नको, म्हंजे झालं."

अनयने कुदळ खाली ठेवली. मग त्याच कुदळीने वत्सलाबाईंनी कोपऱ्यात खड्डा खणून घेतला. माझी छाटण आता तिथे पुरतात. गिरजाबाई अजून मला बघून तोंड फिरवतात. फिरवू द्या, तो त्यांचा हक्क आहे.

तुमच्या बागेत माझ्यासारखी कुणी असेल, तर एवढं पाळा. तिची पानं तोंडात घालू नका, फांद्या गुरांपुढे टाकू नका, चुलीत जाळू नका. हात लावलात तर धुवा. पण 'गोड हो' असं मात्र तिला सांगू नका. आम्ही कडूच राहणार आणि भर उन्हात फुलणार.