काज-बटन तेवढं राह्यलं

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. इतकी जुनी की आता माझ्यावर कपडे शिवत नाहीत, वाळत घालतात. माझा जन्म लुधियान्याचा. काळं अंग, त्यावर सोनेरी वेल. मूल गावी मला बाबूभाईंनी आणलं. धान गिरणीसमोर त्यांचं शिलाईचं दुकान, मागे घर. गिरणीचा कोंडा उडून माझ्यावर बसायचा. तो पुसून, मला दोन थेंब तेल देऊन मगच बाबूभाई चहा प्यायचे.

हातात जादू, जीभ मात्र अस्सल शिंप्याची. कापड कापलंही नसायचं, तरी गिऱ्हाइकाला उत्तर ठरलेलं, "काज-बटन तेवढं राह्यलं." मारोड्याचा लटारू एकदा म्हणाला, "बाबूभाई, लग्नासाठी पँट टाकली होती जी. आता पोराच्या बारशाले तरी द्या." सगळे हसले. बाबूभाई सगळ्यांत जास्त हसले, आणि पँट तरीही पुढच्या बाजारालाच मिळाली.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, तो उतरेना. सुई बोचली की रक्त थांबेना. दंडावर निळे डाग. नागपूरच्या डॉक्टरांनी बायको आबिदाबाई आणि मुलगी अदीबा यांना बाजूला घेऊन सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. दोघींनी परतीच्या एस.टी.तच ठरवलं की त्यांना कळू द्यायचं नाही. घरी सांगितलं, रक्त कमी झालंय, सलाईननं भरून येईल.

मग नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीला माणूस थोडा कमी होऊन परत यायचा. केस गेले, ते टोपीनं झाकले. अंगाचं काय करणार? आणि हा तर शिंपी, रस्त्यानं जाणाऱ्याची छाती नजरेनं मोजणारा. स्वतःचाच सदरा खांद्यावरून घसरलेला त्याला दिसणार नाही होय?

म्हणून आबिदाबाईंनी युक्ती काढली. दुपारी ते औषधाच्या गुंगीत झोपले की त्यांचे सदरे माझ्यावर घ्यायच्या आणि बाजूची शिलाई बोटभर आत घ्यायच्या. पुढच्या फेरीनंतर आणखी बोटभर. घाईत टीप मोठी पडायची. सदरा अंगाला बरोबर बसला की म्हणायच्या, "पाहा, तब्येत जशीच्या तशी आहे तुमची." बाबूभाई मान हलवायचे.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी सलाईन बंद केली. आता घरीच ठेवा, म्हणाले. आबिदाबाई नवऱ्याला सांगू लागल्या की औषधाची गरज संपली, थोडी कमजोरी उरली, तीही जाईल.

बाबूभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काज-बटन तेवढं राह्यलं," ते म्हणाले.

आबिदाबाईंना हसू आलं नाही. बाबूभाईंनी अंगातल्या सदऱ्याची बाजू उलटून दाखवली. "आबिदा, टीप बारीक घेत जाय. धुतली का उसवून राह्यली."

मग माझ्या फळीवरची टेप उचलून तिच्या हाती दिली, आणि गिऱ्हाईक राहतं तसे हात जरा दूर धरून उभे राहिले. "आता माप घेऊन शिव. अंदाजानं काऊन शिवतं?"

तिनं टेप छातीभोवती घेतली.  आकडा बाबूभाईंनीच मान वाकवून वाचला, नेहमीसारखा मोठ्यानं, कोणी लिहून घ्यावा असा. अदीबा दाराशी उभी होती. तिनं काही लिहिलं नाही.

नव्या सदऱ्याचं कापड त्यांनी बसल्या बसल्या कापून दिलं, आबिदाबाईंनी शिवलं. बारीक टीप. बाह्या लागल्या, कॉलर लागली. आणि एका सकाळी मला तेल द्यायला कोणी आलं नाही.

कफनाला शिलाई नसते, मित्रांनो. त्या दिवशी माझं काहीच काम नव्हतं.

पुढे लटारू आपलं कापड न्यायला आला. टोपी काढून बसला. माझ्यावरच्या सदऱ्याकडे पाहून म्हणाला, "हा तं झाला दिसते."

"नाई भाऊ," आबिदाबाई म्हणाल्या. "काज-बटन राह्यलं."

त्या दुकानात हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

आता माझा पट्टा तुटलाय, शटल गंजून बसलंय. मला तेल द्या, असं मी म्हणणार नाही. ज्या हाताचं तेल लागायचं, तो हात गेला. एवढंच करा, मित्रांनो. घरात कोणाचा सदरा ढगळ होऊ लागला, तर तो झोपल्यावर शिलाई आत घेऊ नका. तो जागा असताना टेप घेऊन त्याच्यासमोर उभे राहा. शेवटच्या सदऱ्यापर्यंत थांबू नका. तो पुरा होत नाही.