लोधीपुऱ्याबाहेर नेलेला माग

मित्रांनो, मी बुऱ्हाणपूरचा एक जुना यंत्रमाग आहे. माझी खटखट ऐकून तुम्ही कानांवर हात ठेवाल. पण तिच्यावरच माझ्या मालकांचं, दिगंबरभाऊंचं घर चालतं, म्हणून मला तिचा अभिमान आहे.

माझी उमेदीची वर्षं लोधीपुऱ्यातल्या अरुंद गल्लीत, भाऊंच्या राहत्या घरातच गेली. शेजारी मालूबाई राहायच्या. नवं सूत चढलं की जुन्या-नव्या धाग्यांची टोकं त्या भराभर सांधत. दोन घरं सोडून पंडित मिस्त्रींचं दुकान होतं. त्यांना बोलवावंच लागत नसे. चहा पिता पिता माझा आवाज जरा बदललेला ऐकला की पाना घेऊन ते दारात हजर! दिवसातून चारदा मी रुसायचो आणि चारही वेळा दहा मिनिटांत कामाला लागायचो. लोक म्हणत, माग मोठा गुणाचा आहे. मीही हुरळून जायचो.

पण दिगंबरभाऊंच्या नातीला, लहानग्या अमृताला, माझ्या आवाजात झोप लागत नसे. सुताच्या कणांनी तिला खोकला येई. म्हणून भाऊंनी गावाबाहेर मोठी शेड बांधली. मोकळ्या जागेत दुप्पट कापड निघेल, असं ते हौसेने सांगत.

झालं उलटंच. आडवा धागा नेणारा धोटा अडकला तरी मिस्त्री येईपर्यंत दुपार टळायची. मालूबाईंना रिक्षा मिळायची नाही. कापड निम्म्यावर आलं. भाऊंनी माझ्या म्हातारपणावर खापर फोडलं आणि मला भंगारात काढायचं ठरवलं. मित्रांनो, मी फार घाबरलो.

माझी मोटर सोडवायला पंडित मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांनी आधी मला चालू केलं, डोळे मिटून ऐकलं आणि एक नट आवळला.

"माग चांगला हाय, भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही त्याले एकटं पाडलं. तिकडे आवाज बदलला का मले घरबैठे समजे. इथं कोण ऐकणार?"

दिगंबरभाऊंनी शेडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"मंग तुम्हीच इकडे या ना, मिस्त्री. दुकानाले कोपरा देतो. आजूबाजूचे शेडवालेबी तुम्हालेच शोधतात."

"आन् मालूबाई?"

"बायांसाठी सगळे मिळून रिक्षा लावू."

तसंच झालं. अमृता आता लोधीपुऱ्यात शांत झोपते आणि इथे मी पुन्हा दिवसभर चालतो.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला वेळेवर तेल द्या. पण त्याला दूर नेताना एवढं बघा, की त्याचा आवाज ओळखणारं माणूस हाकेच्या अंतरावर आहे ना. परवा मी उगाच जरा कुरकुरलो. चहाचा पेला तसाच ठेवून मिस्त्री उठले.