वाटीभर पाणी

सैमा तळ्यावरचा बर्फ विरघळला होता. हेल्वीची होडी मात्र अजून शेडमध्येच होती आणि शेजारच्या बेटावरचा म्हातारा ओइवा तिच्या इंजिनात डोकं खुपसून बसला होता.

"थंडीआधी पाणी काढलंस ना यातलं?"

"काढलं. बूच उघडलं, वाटीभर आलं, थांबलं."

"वाटीभर? अगं बाई, भोकात तार नाही घातलीस?"

हेल्वी तार विसरलीच होती. तळ्याचा गाळ भोकाशी साचतो. रेइनो, तिचा नवरा, दर वर्षी तार घालून तो मोकळा करायचा. या खेपेला तो अर्धांगवायूच्या झटक्याने इस्पितळात होता आणि ती एकटी, घाईत होती. उरलेलं पाणी इंजिनातच गोठलं असणार. आत बर्फ फुगला की लोखंडही तडकतं.

रेइनोला उद्या सोडणार होते. बेटावरच्या घरी स्वतःची होडी नसेल तर त्याला शुश्रूषागृहात हलवू, असं नर्स म्हणाली होती. तिथून घरी परतलेलं कोणी हेल्वीच्या पाहण्यात नव्हतं.

तिने तेलाची पट्टी ओढून काढली. आत पाणी शिरलं असतं तर तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं असतं. ते काळंच होतं.

"लगेच हसू नकोस," ओइवा म्हणाला. "बारीक चीर तापल्यावरच तोंड उघडते. माझी सासू तशीच होती."

त्याने इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरलं, इंजिन गार ठेवणारं पाणी ओढायचा पाइप भरलेल्या बादलीत सोडला आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने कागदावर एक डाग पडला, मग दुसरा.

"संपलं," हेल्वी पुटपुटली.

"गप्प बस. आधी कुठून येतंय ते बघू."

इंजिनाच्या कुशीला पत्र्याच्या गोल चकत्या ठोकून बसवलेल्या होत्या. त्यातली एक बाहेर फुगली होती आणि तिच्या कडेने पाणी झिरपत होतं.

"बर्फाने हिला ढकललंय. बाकीचं वाचलंय का, ते ही बदलल्यावर कळेल."

ओइवाने आपल्या डब्यातली नवी चकती ठोकून बसवली. इंजिन पुन्हा चालू झालं, चांगलं तापलं. हेल्वी गुडघ्यांवर बसून कागदावरून हात फिरवत राहिली.

"कोरडा आहे."

"आज कोरडा आहे," ओइवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घोंगडीत गुंडाळलेल्या रेइनोला घेऊन ती होडीने घराकडे निघाली. तळ्याच्या मध्यावर आल्यावरही तिची नजर तापमानाच्या काट्यावरून हलेना. आजारपणानंतर रेइनो जेमतेम बोलायचा. तो मान कलती करून बराच वेळ इंजिन ऐकत होता.

"तार?" त्याने विचारलं.

"विसरले."

रेइनोने चांगल्या हाताने इंजिनाखाली तिने पुन्हा पसरलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. कोपऱ्यावर ओला ठिपका होता. हेल्वीने वाकून बोट टेकवलं. इंजिनातून आलेलं पाणी गरम लागलं असतं.

"गार आहे. लाटेचं उडालंय."

रेइनोने मान डोलावली. तरी त्याने त्या कागदावर हात टेकवला आणि बेट येईपर्यंत काढला नाही.