बिनशिक्क्याची खोकी

दुपारपर्यंत शेड रिकामी झाली. पांढऱ्या सूटमधली माणसं मेलेल्या कोंबड्या पोत्यांत भरून मागच्या खड्ड्याकडे नेत होती आणि घरची थोरली सून फाटकाशी उभी राहून बघत होती. सहाशे पक्षी. आजारी पडले होते जेमतेम चाळीस, बाकीचे कालपर्यंत अंडी देत होते. पण बर्ड फ्लू म्हटल्यावर सगळेच मारावे लागतात.

पशुवैद्य बाईंनी विचारलं, "आसपास कुठेच साथ नाही. तुमच्याकडेच कशी आली? बाहेरून काही आणलंत?"

"छे हो," धाकटा दीर पुढे झाला. "रानपाखरांनी आणली असणार."

सुनेच्या मस्तकात तिडीक गेली. गेल्याच आठवड्यात ह्या माणसाने साथीच्या भागातून चोरून आलेलं, गोठवलेलं कोंबडीचं मांस हॉटेलांना विकायला आणलं होतं. खोक्यांवर ना शिक्का, ना तारीख. अंगणातल्या नळावर ते धुतलं आणि कातडीचे तुकडे कोंबड्यांपुढे टाकले. ती तेव्हाच म्हणाली होती, "भाऊजी, हे कुठलं कोण जाणे, नका टाकू." तो हसला होता. "वहिनी, बर्फात रोग मरतो."

सासूबाईंनी तिचा दंड दाबला. "गप्प राहा. घरचं घरात राहू दे."

"कोंबड्या घरच्याच होत्या ना?" ती म्हणाली आणि पशुवैद्य बाईंना थेट कोठीत घेऊन गेली. फ्रीझरचं झाकण उघडलं. "हे उरलेलं. बाकीचं कुठे गेलं, ते ह्याला विचारा."

"बर्फात हा विषाणू मरत नाही, उलट टिकतो," बाई म्हणाल्या.

"वहिनी, मला तुरुंगात टाकतील," दीर कुजबुजला.

"टाकू देत. तू मला वेड्यात काढलंस." आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती. "आता हॉटेलांची नावं सांग. अजून किती जणींना असं फाटकाशी उभं करणार आहेस?"

त्याने चार नावं सांगितली. तीन ठिकाणचं मांस संध्याकाळच्या आत जप्त झालं. चौथ्या ठिकाणचं संपलं होतं आणि तिथली कच्ची कातडी नि तुकडे पलीकडच्या एका शेडमधल्या कोंबड्यांपुढे जात होते. चार दिवसांनी तिथेही खड्डा खणला गेला.

सासूबाईंनी बोलणं टाकलं. टाकू देत, असं म्हणून सून त्या शेडच्या मालकिणीकडे गेली. अंगणाबाहेर उभी राहूनच तिने सगळं सांगितलं, दिराचं नावही. मालकिणीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिच्या तोंडावर दार आपटलं.

सुनेला तिचा राग आला नाही. तिच्या जागी आपणही तेच केलं असतं, असं म्हणत ती परत फिरली, आणि घरी येऊन तिने दिराचा रिकामा फ्रीझर अंगणाबाहेर ओढला.