दोर आतल्या बाजूला

"ढकलून नाही उघडत ते आता," समोरच्या बारच्या दारातून पाल्मिरा ओरडली. "गोडीगुलाबीनं घे. फोन दाखव त्याला."

एवारिस्तोने दाराला लावलेला खांदा काढून घेतला. आई अस्सुंता गेल्यापासून या चर्चची किल्ली त्याच्याकडे होती. दूरदूरचे प्रवासी भिंतींवरची जुनी चित्रं पाहायला पिएत्रास्कुरा गावापर्यंत चढून येत, त्याच्या खिडकीखाली हाका मारत, आणि तो तोंडातला घास कसाबसा गिळून किल्लीसह खाली उतरे. त्या किल्लीपायी तो कधी समुद्रावर गेला नाही; लग्नही राहूनच गेलं. "बायको लोखंडाची केलीय यानं," पाल्मिरा म्हणायची, "आणि तीसुद्धा गंजकी."

या वसंतात नगरपालिकेने दाराला नवं कुलूप बसवलं. फोनवर नाव नोंदवलं की दार आपोआप उघडे, दिवे लागत आणि भिंतीतून एक मंजुळ आवाज माहिती सांगू लागे. जुनी किल्ली आत काचेच्या पेटीत ठेवली गेली. समारंभात टाळ्या वाजल्या, एवारिस्तोनेही वाजवल्या. सुटलो, असं त्या दिवशी त्याला मनापासून वाटलं होतं.

आज सकाळी बारमधल्या फोनवर बेल्जियमहून वहिनी बोलली. मिसरूड फुटायच्या वयात तिथल्या कोळशाच्या खाणीत गेलेला नाझारिओ, त्याचा थोरला भाऊ, पहाटे वारला होता.

या गावात जन्मलेला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही मरो, बातमी येईल त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, त्याच्यासाठी घंटा वाजायची. ज्याला ठाऊक नाही अशा कुणीतरी पुढे येऊन विचारायचं, 'कोण गेलं?' वाजवणाऱ्याने नाव सांगायचं आणि मगच दोर सोडायचा. विचारणारा ते नाव पुढच्या दारी नेई. "माती इथली मिळाली तरी चालेल रे," नाझारिओ फोनवर म्हणत असे, "पण घंटा आपलीच हवी."

आणि घंटेचा दोर दाराच्या आत होता.

पाल्मिराच्या फोनवरून त्याने नगरपालिकेतल्या लोरिसला गाठलं.

"एवारिस्तोकाका, मी शहरात मीटिंगला आलोय हो. फार वाईट झालं नाझारिओकाकांचं."

"दार उघड."

"ते माझ्या हातात नाही, कंपनीकडे असतं. नोंदणी करा ना, दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर उद्या मी स्वतः येतो, उद्या वाजवा."

"उद्या कुणाला सांगू? बातमी आज आलीय!"

पलीकडून कुणीतरी लोरिसला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मग नोंदणी सुरू झाली. फोनने ओळखपत्र मागितलं, ते दाखवलं. चेहरा मागितला, एवारिस्तोने टोपी काढून चेहरा पुढे केला. चेहरा जुळत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"फोटोतला माणूस देखणा आहे," पाल्मिरा म्हणाली. "मलाही ओळखू येईना." पण त्याच्याकडे पाहून तिने जीभ चावली. "मीच विचारू का, कोण गेलं म्हणून? इथूनच विचारते."

"तुला ठाऊक आहे. आणि घंटेशिवाय कसलं विचारणं?"

तो चौक ओलांडून परत गेला आणि त्याने दाराला लाथ घातली. लगेच ओशाळून, जिथे लाथ बसली होती तिथल्या लाकडावरून हात फिरवला.

ऊन समोरच्या छपरांवर सरकलं तेव्हा एक जोडपं चढ चढून आलं, तोरीनो शहरातलं. पुरुषाने फोन पुढे धरला. दार खट्कन उघडलं.

"या ना आजोबा, तुम्हीही या," तो म्हणाला. "कोण मोजतंय!"

"पहिल्यांदाच बघताय?" बाईने आपुलकीने विचारलं.

एवारिस्तोच्या ओठांपर्यंत बरंच काही आलं. "असं, पहिल्यांदाच," तो म्हणाला. टोपी काढून त्याने बाकावर ठेवली. काचेतल्या किल्लीकडे न बघता तो सरळ कोपऱ्यात गेला, लाल फितीचा अडसर ओलांडला आणि दोर हातात घेतला.

"या घंटेने एकेकाळी गावाला मृत्यूची वार्ता कळत असे," भिंतीतला आवाज सांगत होता. पुढचा शब्दन् शब्द घंटेत बुडून गेला.

"अरे वा! हेपण दाखवतात?" पुरुषाने फोन उंचावला. "आजोबा, जरा इकडे तोंड करून ओढा ना. उजेड छान आलाय."

एवारिस्तो पाठ फिरवून ओढत राहिला. एकही खिडकी उघडली नाही. उघडणार कोण? ज्यांना ऐकू येत होतं ते मुलींकडे समुद्रकाठी गेलेले. जो उरला होता त्या तेओदोरोला शेजारी तोफ डागली तरी ऐकू येत नव्हतं. दंड भरून आले, तळहात सोलवटले. कुणी विचारण्याआधीच दोर सोडला, तर नाझारिओ निनावीच राहणार होता.

"आपली वेळ संपत आली आहे," मंजुळ आवाज म्हणाला. "भेटीबद्दल आभार."

पुरुष दाराकडे वळला. बाई मात्र हलली नाही. एवारिस्तोच्या पाठीकडे ती बराच वेळ बघत होती. तिने नवऱ्याचा फोनवाला हात खाली केला.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "कोण गेलं?"

दोर त्याच्या हातात एकदा वर गेला, खाली आला.

"नाझारिओ," तो म्हणाला. "अस्सुंताचा थोरला."

त्याने दोर सोडला. दिवे आपोआप विझले. तिघे बाहेर आले आणि मागे दार खट्कन लागलं. त्याचा हात सवयीने डोक्याकडे गेला. टोपी आत, बाकावर राहिली होती.

बाई पाण्याची बाटली घ्यायला बारकडे निघाली. दारातल्या पाल्मिराने एप्रनला हात पुसले आणि, सकाळपासून सारं ठाऊक असलेली ती, ताठ उभी राहिली.

"कोण गेलं गं, बाई?"

"नाझारिओ," ती परकी बाई म्हणाली. "अस्सुंताचा थोरला."

चौकात अजून थोडं ऊन होतं. एवारिस्तो त्यात बोडक्या डोक्याने उभा राहिला.