दोन घरांचा क्रूस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी क्रूस आहे. पण मला पाहून तुमचे हात आपोआप जोडले जातील असे काही माझ्यात नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस मी बडोद्यात, फतेगंजच्या एका लहानशा चर्चमागच्या कोठीत भिंतीला टेकून उभा असतो. संगतीला प्लास्टिकच्या खुर्च्या, नाताळची चांदणी आणि एक बंद पडलेला जनरेटर. हा जनरेटर स्वतःला फार मोठा समजतो. पूर्वी माझे आणि त्याचे पटत नसे, कारण मीही स्वतःला काही कमी समजत नव्हतो. या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र माझ्यादेखत जे घडले, त्यानंतर माझी बोलतीच बंद झाली होती. आता कुठे तोंड उघडतो आहे.

मूळचा मी रेल्वेचा. बडोद्याहून पादरा गावाला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांखाली पडलेले सागाचे दोन स्लीपर, तो मी. आमचे काम एकच, खाली पडून राहायचे आणि वरून गाडी जाऊ द्यायची. पुढे रुळांखाली लोखंडी स्लीपर आले आणि आम्ही भंगारात निघालो. तिथून आम्हाला तुकोजीराव मास्तरांनी उचलले. मास्तर तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, दर गुरुवारी न चुकता दत्ताला जाणारे गृहस्थ. त्यांना अंगणात बसायला एक बाक करायचा होता. तेवढ्यात शेजारी राहणारे चर्चचे तेव्हाचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, आले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, आमच्या चर्चला एक क्रूस करून द्या.’’ बाक राहिला आणि मी झालो.

मास्तरांना या कामाचे मोठे कोडे पडले होते. रंधा मारता मारता ते थांबत आणि विचारत, ‘‘साहेब, रागावू नका. पण तुमच्या देवाला ज्याच्यावर मारलं, ते हे लाकूड. आम्ही असतो तर जाळून टाकलं असतं. तुम्ही ते देवघरात लावता?’’

‘‘मलाही लहानपणी असंच वाटायचं, मास्तर,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘आता वाटतं, माणसानं केलेली सगळ्यात वाईट गोष्ट देवानं हातात घेतली आणि तिचंच स्वतःकडे यायचं दार केलं. कसं केलं ते विचाराल, तर मला अजून पुरतं कळलेलं नाही.’’

मास्तरांनी पुन्हा रंधा उचलला. करवत चालवताना लाकडावर पाय द्यावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून मास्तर आधी मला नमस्कार करीत आणि मगच पाय ठेवीत. माझ्या आयुष्यातला तो पहिला नमस्कार. मी शहारलो होतो, हे आज कबूल करतो.

मी तयार झालो तो पुरुषभर उंचीपेक्षा मोठा. खांद्यावर घेतला की मागचे टोक जमिनीवर घासत येते, म्हणून त्याला लोखंडी पट्टी ठोकली. वजनाचे तर विचारू नका. धडधाकट माणूस मला उचलतो, पण शंभर पावलांत त्याला घाम फुटतो.

आमच्या मंडळीची, म्हणजे या चर्चच्या लोकांची, एक रीत आहे. उत्तम शुक्रवारी सकाळी मला घेऊन लोक फतेगंजच्या गल्ल्यांतून गाणी म्हणत फेरी काढतात. मला कोणी उचलायचे? तर ज्या घरी त्या वर्षात मरण आले, त्या घरच्या माणसाने. मरणाच्या तारखेप्रमाणे क्रम लागतो. एका घराने ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत न्यायचे आणि पुढच्या घराच्या खांद्यावर स्वतःच्या हातांनी ठेवायचे. मध्ये मला कुठेही उतरवायचे नाही. तीस वर्षांत किती खांदे पाहिले म्हणून सांगू! नवऱ्याला नुकतेच पुरून आलेल्या बायका, नातवाच्या मागे राहिलेले आजोबा, आईविना झालेली मोठमोठी बाप्ये माणसे. सगळे घट्ट ओठांनी मला उचलतात. आणि त्यांच्या छातीचे ठोके लाकडातून माझ्या अंगभर फिरतात.

अशा वेळी मला एकच विचार येई. मी काही खरा क्रूस नाही. माझ्यावर कुणाला खिळलेले नाही. पण ते पहिले लाकूड? देवाचा पुत्र आपल्यावर मरतो आहे, हे त्याला कळले असेल का? कळले असेल, तर ते उभे कसे राहिले असेल? या विचाराने मी कोठीत किती तरी दुपारी नुसता थरारून जात असे.

आता या वर्षाची गोष्ट. प्रतिमाताई उजगरे आमच्या मंडळीतल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. पणजोबा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासून घर इथलेच. नवरा पूर्वीच गेलेला. घरात त्या आणि वीस वर्षांची मैत्रेयी. मैत्रेयी रविवारच्या शाळेत लहान मुलांना चित्रे काढायला शिकवायची. गेल्या ऑगस्टमध्ये शहरातल्या वासणा भागातल्या चौकात एका मोटारीने तिच्या स्कूटीला धडक दिली आणि ती गेली. मोटार चालवत होता अनुप, आमच्याच मंडळीतला, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा, सत्तावीस वर्षांचा. तो फोनमध्ये बघत होता. त्यानेच तिला दवाखान्यात नेले आणि त्यानेच पोलिसांना खरे ते सांगितले. खटला चालू आहे. त्या दिवसापासून त्याने कीबोर्डला हात लावलेला नाही. प्रतिमाताई पहिल्या बाकावर बसत आणि अनुप शेवटच्या.

नोव्हेंबरात अनुपचे वडील हृदयविकाराने वारले.

उत्तम शुक्रवाराआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मंडळीचे चिटणीस कुशलभाई ख्रिस्ती यांनी क्रूस उचलणाऱ्यांची यादी फलकावर लावली. माणूस पट्टी घेऊन रेघा मारणारा, तारखेत एका दिवसाची चूक होऊ देणार नाही. या वर्षी पाच घरे होती. तिसऱ्या ओळीत प्रतिमाताई, चौथ्या ओळीत अनुप. म्हणजे बेकरीच्या कोपऱ्यावर प्रतिमाताईंनी मला स्वतःच्या हातांनी अनुपच्या खांद्यावर ठेवायचे. लोक यादी वाचत आणि बाजूला सरत.

सोमवारी कुशलभाई कोठीत मला जवसाचे तेल लावत होते आणि आताचे पाळकसाहेब जगदेवराव खुर्च्या मोजत होते. तेवढ्यात प्रतिमाताई दारात आल्या. कुशलभाईंच्या हातातला बोळा खाली पडला.

‘‘प्रतिमाबेन, माफ करजो,’’ ते म्हणाले. ‘‘तारखा बघत गेलो ने, माणसं बघायची राहून गेली. आत्ता बदलतो यादी.’’

‘‘राहू द्या, कुशलभाई. मी त्यासाठी नाही आले.’’ त्या पाळकसाहेबांकडे वळल्या. ‘‘चर्चच्या व्हरांड्यात लोक बोलतात, अनुपचे बाबा गेले ती त्याच्या पापाची शिक्षा. खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं.’’

कुशलभाईंनी पडलेला बोळा उचलला.

‘‘तिसऱ्या दिवशी दूध तापवत होते. मनात आलं, त्याचे बाबा जर शिक्षा म्हणून गेले, तर माझी मैत्रेयी कशाची शिक्षा? तिनं काय केलं होतं? मी काय केलं होतं? दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी मी तिथंच उभी.’’

‘‘शिक्षा नाही, ताई,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘ती नाही आणि तेही नाहीत.’’

‘‘मग का गेली?’’

‘‘मला माहीत नाही.’’

‘‘तुम्ही पाळक आहात!’’

‘‘आहे. तरी माहीत नाही.’’ त्यांनी माझ्यावर हात ठेवला. ‘‘एवढंच सांगू शकतो की हे सगळं होताना देव लांब उभा राहून बघत नव्हता. तो इथं होता.’’

‘‘इथं होता, तर माझी मुलगी रस्त्यावर एकटी का होती?’’

पाळकसाहेबांच्या ओठांपर्यंत काही तरी आले, मला ते दिसले. पण त्यांनी ते गिळले. एवढी पुस्तके वाचलेला माणूस एका आईपुढे मान खाली घालून उभा राहिला. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. प्रतिमाताई वळल्या आणि निघून गेल्या. यादी तशीच राहिली.

मंगळवारी अनुप आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

‘‘मला क्रूस एकट्यानं न्यायचाय,’’ तो म्हणाला. ‘‘वासण्याच्या चौकापासून इथपर्यंत. अनवाणी. कुणी मधे हात लावायचा नाही.’’

‘‘कशासाठी रे?’’

‘‘प्रायश्चित्त करायचंय मला.’’

पाळकसाहेबांनी त्याला खुर्ची दिली. ‘‘कोर्ट जी शिक्षा देईल ती भोग, पळू नकोस. ते तुझं आहे. पण हा क्रूस कुणाला शिक्षा म्हणून देता येत नाही, अनुप. प्रायश्चित्त झालेलं आहे. तुझ्या आधी, तुझ्यासाठी. आपण नुसते त्याच्या मागनं चालतो.’’

‘‘मग मी काहीच करू नको?’’

‘‘कर की. शुक्रवारी बेकरीच्या कोपऱ्यावर खांदा घेऊन उभा राहा. प्रतिमाताईंनी दिला तर घे. नाही दिला, तर रिकाम्या खांद्यानं घरी जा.’’

अनुपने तोंड ओंजळीत घेतले. ‘‘तेवढं नका सांगू, पाळकसाहेब. मी चालतो वासण्यापासून.’’

मित्रांनो, स्वतःला झिजवायला तो तयार होता. दुसऱ्याच्या हातून काही घ्यायची त्याला भीती वाटत होती. आणि जिच्या हातून घ्यायचे, तिच्याजवळ द्यायला काही उरलेच नव्हते. मी दोघांच्या मध्ये, नुसता लाकडाचा.

शुक्रवार उजाडला. सकाळी नऊलाच ऊन कडक झाले होते. पहिले घर झाले, दुसरे झाले, आणि मी प्रतिमाताईंच्या खांद्यावर आलो. अंगाने त्या किडकिडीत. तीन-चार पावले टाकायच्या, थांबायच्या, पुन्हा चालायच्या. कुणी पुढे झाले की मानेनेच नको म्हणायच्या. त्यांचे ठोके मला मोजता येत होते.

बेकरीच्या कोपऱ्यावर अनुप उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. प्रतिमाताई त्याच्यापासून दोन हातांवर थांबल्या. गाणे बंद पडले. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. पुढे काय थांबले आहे ते दिसल्यावर तेही थांबले. प्रतिमाताईंच्या खांद्यावरून माझी आडवी फळी घसरू लागली. कुशलभाई मला धरायला धावले, तर प्रतिमाताईंनी त्यांनाही डोळ्यांनीच थांबवले.

‘‘तुला नाही देणार मी,’’ त्या म्हणाल्या.

‘‘बरं, काकू.’’

अनुपने टॉवेल खांद्यावरून काढला आणि तो वळला. दोन पावले गेला असेल.

‘‘कुठं चाललास?’’

तो थांबला.

‘‘क्षमाबिमा मला अजून जमत नाही. जमेल का तेही माहीत नाही.’’ प्रतिमाताईंना धाप लागली होती. ‘‘पण हा मला एकटीला उचलत नाही रे. मागनं धर.’’

अनुप मागे गेला, खाली वाकला, आणि त्याने माझे ते घासत येणारे टोक उचलून छातीशी धरले. मित्रांनो, तीस वर्षांत पहिल्यांदा मी जमिनीपासून पूर्ण सुटलो. पुढे जिची मुलगी गेली ती आई, मागे ज्याच्या हातून गेली तो अनुप, आणि दोघांचे ठोके एकाच वेळी माझ्या अंगात. ज्याच्यावर अन्याय झाला तोही आणि ज्याने केला तोही, दोघांना एकाच वेळी कवेत घेऊन कोणी तरी माझ्यासारख्या लाकडावर हात पसरले होते, हे मी तीस वर्षे गाण्यांत ऐकत आलो होतो. त्या कोपऱ्यावर ते मला अंगाने कळले. मी भीतीने आणि आनंदाने अगदी भरून गेलो. रडता आले असते तर रडलो असतो.

पुढच्या घरच्या माणसांनी आपली पाळी मागितली नाही. ते मागून चालले. त्या दोघांनी मला वेदीपर्यंत नेले.

चमत्कार म्हणावा असे काही झाले नाही. प्रतिमाताई पहिल्या बाकावर बसल्या आणि अनुप शेवटच्या. जूनमध्ये कोर्टाची तारीख आहे. त्या तिथे जाणार आहेत, आणि अनुपही खरे तेच सांगणार आहे. मैत्रेयी का गेली, याचे उत्तर अजून कुणालाच मिळालेले नाही. मलाही नाही, आणि मी तर क्रूस आहे.

तेव्हा मित्रांनो, माझ्याकडे थोडे लक्ष असू द्या. वर्षातून एकदा जवसाचे तेल लावा, वाळवी बघत जा. आणि कुणाच्या घरी मरण आले, तर व्हरांड्यात उभे राहून त्याचा अर्थ लावत बसू नका. मी सगळे ऐकत असतो. तुमच्या घरी असे वर्ष कधी न येवो. पण आलेच, तर या. कोठीचे दार नुसते लोटलेले असते. मी फार जड आहे, म्हणून एवढेच सांगतो, एकटे येऊ नका.