अंदमानहून येणारी हाक

निवृत्त झाल्यावर लक्ष्मीदेवीला चेन्नईच्या एका विज्ञान केंद्रातून बोलावणं आलं. मुलांसाठी रेडिओची प्रयोगशाळा उभी करायची होती, राहायला खोलीही मिळणार होती. कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून, लग्न न करता राहिलेल्या लक्ष्मीदेवीनं मनात सामान बांधायला घेतलंही होतं. अडचण एकच होती, आई. गंगाबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांचं अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं लक्ष्मीदेवीच करी.

"अक्का, तूं जा," धाकटा भाऊ श्रीकर घरच्या जुन्या मराठीत म्हणाला. "आईस आम्ही पाहूं."

त्याची बायको श्रीलक्ष्मी हातातली शेंग मोडत राहिली.

त्याच सुमारास एका पहाटे लक्ष्मीदेवीच्या रेडिओवर अंदमानची हाक आली. ती परवानाधारक हौशी रेडिओवाली होती. तिच्या संचाच्या लहरी एरवी जवळच्या किनाऱ्यावरच्या नागपट्टणमपुढे जात नसत. आणि इथे पोर्ट ब्लेअरचा कुणी वैद्यनाथ मोर्सच्या कडकट्टात तिला नावानं बोलवत होता. मध्ये हजारावर किलोमीटर समुद्र! असं क्वचित होतं हे तिला ठाऊक होतं. खाली गार हवा आणि वर ऊबदार हवेचा थर बसला, की मधे जणू पाट तयार होतो, आणि लहरी पाटातल्या पाण्यासारख्या लांब वाहत जातात. पण हे आपल्या गच्चीवर, आपल्या कानांनी ऐकायला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

हाक पुन्हा आली. मग अधूनमधून येतच राहिली. गावच्या रेडिओ मंडळानं तिला शाल दिली, एका मासिकात विक्रम म्हणून बातमी छापून आली. हा पाट इथूनच अभ्यासायला हवा, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं चेन्नईला नकार कळवला.

मग तिनं गच्चीवर यंत्रं उभी केली. प्लॅस्टिकच्या पिंपाला आतून गादीचा फोम लावला, त्यात कर्णा आकाशाकडे तोंड करून बसवला. कर्णा 'टुक' असा आवाज वर सोडी आणि मग गप्प राहून प्रतिध्वनी ऐके. हवेचा थर असेल तर आवाज क्षीण होऊन परत येई, आणि संगणकावर काळसर रेघ उमटे. शेजारी टाकाऊ डिशच्या दोन थाळ्यांचं रडार होतं, तोच थर दुसऱ्या रीतीनं शोधायला. मंडपवाल्याकडून कर्णा श्रीकरनंच आणला. पिंपही त्यानंच धापा टाकत जिन्यावरून वर चढवलं.

मार्गळी, म्हणजे तमिळांचा धनुर्मास लागला. देवळांचे भोंगे पहाटेच सुरू होत, त्यांच्यातून वाट काढत तिचं 'टुक' वर जाई. गार, स्तब्ध सकाळी पडद्यावर रेघ अशी सुरेख उमटे की ती बघत राही. पण अशा कितीतरी सकाळी अंदमानहून काहीच येत नसे. आणि ज्या दिवशी वारं सुटलेलं असे, पडद्यावर नुसता धूसरपणा असे, त्या दिवशीही वैद्यनाथ खणखणीत ऐकू येई.

आधी तिनं यंत्रालाच दोष दिला. तारा बदलल्या, फोम बदलला. रडारही तेच सांगत होतं. इथला थर समुद्रावरच्या थरापेक्षा वेगळा असेल, अशी समजूतही तिनं घालून पाहिली. पण वैद्यनाथचा आवाज कधीच डळमळत नसे, कधी विरत नसे. इतका लांबचा पल्ला तोडून येणारा आवाज असा नसतो. हे तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

एका वाऱ्याच्या सकाळी श्रीलक्ष्मीला आईपाशी बसवून तिनं हातातला लहान संच आणि दिशा दाखवणारं एरियल घेतलं आणि बसनं पूर्वेला तिरुनीलक्कुडी गाठलं. शेताच्या बांधावर उभं राहून एरियल फिरवलं. अंदमान समोर होतं, पूर्वेला. आवाज मात्र पाठीमागून येत होता.

परतीच्या बसमध्ये आवाज वाढत गेला, तशी ती वाटेतल्या तिरुभुवनमला उतरली. एरियल लावायचीही गरज उरली नाही, संच नुसता किंचाळत होता. श्रीकर तिथल्या एका रेशीम सोसायटीत हिशेबनीस होता, रोज सकाळी लवकर कुलपं उघडायला जाई. मागच्या पडवीत तो लॅपटॉपवरून मोर्सचा कडकट्ट सोडत बसला होता. शेजारी तिनंच त्याला दिलेला जुना संच होता.

"वैद्यनाथ कोण रे?" तिनं विचारलं.

तो उठून उभा राहिला. "अक्का, आंत ये. काफी सांगतों."

"कोण?"

"पहिल्यांदा गंमत म्हणून केलें," तो म्हणाला. "संध्याकाळीं सांगून टाकणार होतों. तूं इतकी खुश होतीस. मग तूं जात नाहीं म्हणालीस."

"आणि?"

"मग कसें थांबवूं? तूं गेली असतीस तर आईस कोण पाहिलें असतें? श्रीलक्ष्मीस नाहीं होत. मज नाहीं होत."

"मज विचारायचें होतेंस."

"आणि तूं नाहीं म्हणाली असतीस तर?"

ती राहिली असती की गेली असती, हे आता तिलाही कधी कळणार नव्हतं. तो निर्णय त्यानं तिच्याकडून काढून घेतला होता.

तिनं मासिकाला कळवून विक्रम मागे घेतला. कारण दिलं नाही. मंडळातल्यांनी मग आपापली कारणं शोधली: बाईंनीच खोटं केलं असेल, असं बोललं गेलं. शाल परत नेऊन दिली, तर सेक्रेटरीनं ती निमूट ठेवून घेतली. चेन्नईला फोन केला, तेव्हा तिकडची जागा भरून बरेच महिने झाले होते. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

श्रीकरशी ती आता तमिळमध्ये बोलते. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, आणि तमिळ दाराबाहेरच्या माणसांशी. त्याला ते कळलं. पहिल्या दिवशी त्यानं मराठीतच उत्तर दिलं, मग तोही तमिळवर आला.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. लक्ष्मीदेवी रोज सकाळी तिला कुशीवर वळवते, पाठीला पावडर लावते, चमच्यानं कांजी भरवते.

"तूं गेली नाहींस तें बरें झालें," गंगाबाई म्हणतात.

लक्ष्मीदेवी त्यांची हनुवटी पुसते आणि पुढचा चमचा भरते.